रोखा आणि करार : महात्मा फुले यांच्या हक्कविचाराचे एक वाचन

महात्मा फुले यांच्या विचारांची चर्चा टॉमस पेन यांच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथाच्या उल्लेखावाचून सहसा पुढे सरकत नाही. १८४७ मध्ये फुल्यांनी तो वाचला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. मात्र ‘प्रभाव’ ही संज्ञा वापरली की विवेचन संपले, असे मानण्याची आपल्या समीक्षेला सवय जडली आहे. प्रभावाचा शोध काय स्वीकारले गेले हे सांगतो. काय स्वीकारले गेले नाही, याविषयी तो बहुधा मौन पाळतो. युरोपीय प्रबोधनाच्या राजकीय विचारात नैसर्गिक हक्क आणि सामाजिक करार या संकल्पना जोडीने वावरतात. फुल्यांच्या लेखनात पहिली ठळकपणे येते. समाजाचे अधिष्ठान म्हणून दुसरी येत नाही. ही अनुपस्थिती अर्थपूर्ण आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लॉक यांच्या मांडणीत जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांचे हक्क राज्यसंस्थेच्या आधीचे असून त्यांच्या रक्षणासाठी माणसे संमतीने राज्यसंस्था निर्माण करतात. रूसो यांच्या १७६२ च्या ग्रंथात वैध सत्तेचा पायाच करार हा आहे. बर्क यांना १७९१ मध्ये उत्तर देताना पेन यांनी दोन सूत्रे मांडली : हक्कांचा उगम शोधण्यासाठी थेट मानवाच्या निर्मितीपर्यंत मागे जावे लागते, आणि मृत पिढीला जिवंत पिढीवर बंधन लादता येत नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ (१८९१) मधील ‘निर्मीक’ पहिल्या सूत्राशी नाते सांगतो. येथे हक्क राजाने वा धर्मग्रंथाने दिलेले नाहीत. पूर्वजांच्या संमतीतूनही ते आलेले नाहीत. शिवाय ‘गुलामगिरी’ (१८७३) मधील इतिहासमीमांसेत समाजव्यवस्थेच्या आरंभी संमती नाही. आक्रमण आहे, बळीशी झालेले कपट आहे. जेथे आरंभच पराभवाचा, तेथे मूळ कराराची कल्पना जेत्याच्याच सोयीची ठरली असती.

या अनुपस्थितीला एक सामाजिक संदर्भही आहे. त्या काळातील शेतकऱ्याला ‘करार’ प्रत्यक्षात कोणत्या रूपात भेटत होता? या प्रश्नाचे उत्तर अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासात मिळते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला सावकारविरोधी उठाव लवकरच श्रीगोंदे, पारनेर या नगरच्या तालुक्यांत पसरला. त्याचे मुख्य लक्ष्य सावकाराचा जीव नव्हते, कागद होता. रोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून नष्ट करणे हा उद्देश होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई आणि निरक्षर कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी. कायद्याच्या लेखी ही स्वतंत्र व्यक्तीची संमती होती. मृतांनी जिवंतांना बांधून टाकणे हा पेन यांच्यासमोरचा राज्यघटनेचा प्रश्न होता. वडिलार्जित कर्ज डोक्यावर घेणाऱ्या कुणब्यासाठी तो रोजच्या भाकरीचा प्रश्न होता.

पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये झालेल्या कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याची मुभा दिली. निशाणी म्हणजे संमती नव्हे, हे सरकारनेच एका परीने मान्य केले. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. अर्थात ‘गुलामगिरी’ उठावाच्या आधीची आहे. त्यामुळे उठाव हे फुल्यांच्या भूमिकेचे कारण होते, असे येथे सुचवायचे नाही. उठावाने त्या भूमिकेची सत्यता दाखवून दिली, एवढेच म्हणता येईल.

यावर एक आक्षेप संभवतो. फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. करारव्यवहार त्यांना परका नव्हता. आक्षेप योग्य आहे, आणि तोच आपल्याला पुढे नेतो. फुल्यांनी करार ही गोष्टच नाकारलेली नाही. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रीजातीच्या हक्कहीनतेचा अनुभव मांडून वराकडे शपथ मागते आणि वर ती देतो. येथे करार आहे. पण तो हक्क निर्माण करीत नाही, आधीपासून असलेल्या हक्काला मान्यता देतो. मुख्य म्हणजे त्यातील दुर्बल पक्षाला वाचा आहे. रूसो यांनी दास्याचा करार निरर्थक ठरवला, तरी स्त्रीला आपल्या नागरिकत्वात स्थान दिले नाही. फुल्यांच्या कराराची पहिली अट स्त्रीच घालते.

१८४८ मध्ये फुल्यांनी अहमदनगर येथे मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली, ही घटना चरित्रात केवळ प्रेरणेचा प्रसंग म्हणून येते. वरील विवेचनाच्या प्रकाशात तिचा अर्थ बदलतो. नांगराची निशाणी आणि वधूचा प्रश्न यांमधले अंतर अक्षरज्ञानाचे आहे. वाचता येणे ही संमतीची पूर्वअट आहे, हे फुल्यांच्या हक्कविचाराचे मर्म होय. ‘सही केली आहे ना?’ या प्रश्नाने आजही अनेक तक्रारी निकालात काढल्या जातात. अशा वेळी ती सही कोणत्या परिस्थितीत झाली, हे विचारण्याचे बळ फुल्यांची संहिता देते. पेन यांचे ऋण मान्य करूनही हे बळ पेन यांच्याकडून उसने आलेले नाही, हे समीक्षेने नोंदवले पाहिजे.