उशिराची कबुली : हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’विषयी

रहस्यपटाने आपली फसवणूक केली, अशी तक्रार प्रेक्षक अनेकदा करतो. वस्तुतः फसले जाण्याच्या अपेक्षेनेच तो चित्रगृहात आलेला असतो. तेव्हा प्रश्न फसवणुकीचा नसून ती कोणत्या कलात्मक प्रयोजनासाठी केली गेली, हा आहे. अॅल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘स्टेज फ्राइट’ (१९५०) हा चित्रपट या प्रश्नाच्या विवेचनास विशेष उपयुक्त आहे. कारण त्याच्या अपयशाची जी मीमांसा रूढ झाली आहे, ती आमच्या मते अपुरी आहे.

सेल्विन जेप्सन यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे कथानक लंडनमध्ये घडते. ईव्ह (जेन वायमन) ही नाट्यविद्यालयातील विद्यार्थिनी आपला मित्र जोनाथन (रिचर्ड टॉड) यास मोटारीतून पळवून नेत आहे. वाटेत तो आपली हकिकत सांगतो : प्रसिद्ध नटी शार्लट (मार्लेन डीट्रिख) हिने पतीचा खून केला, रक्ताने माखलेल्या वस्त्रांनिशी ती आपल्याकडे आली आणि तिच्यासाठी दुसरा पोशाख आणावयास गेलो असता संशय आपल्यावरच आला. ही हकिकत आपण केवळ ऐकत नाही, पडद्यावर प्रत्यक्ष पाहतो. ईव्ह तिच्यावर विश्वास ठेवते, मोलकरणीचे सोंग घेऊन शार्लटच्या घरात शिरते व पुरावा शोधू लागते. अखेरीस कळते ते असे की, खून जोनाथननेच केला होता आणि आपण पाहिलेले ते पूर्ववृत्त खोटे होते.

दृश्य स्वरूपातील पूर्ववृत्त खोटे असू नये, हा संकेत येथे मोडला गेला, अशी टीका झाली. फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी १९६२ साली झालेल्या दीर्घ संभाषणात खुद्द हिचकॉक यांनीही ती चूक मान्य केली. मात्र कर्त्याची कबुली हा समीक्षेतील अंतिम पुरावा नव्हे. पात्राचे निवेदन खोटे असू शकते, हे आपण नाटकात व कादंबरीत सहज स्वीकारतो. त्याच १९५० साली प्रदर्शित झालेल्या अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’मध्ये एकाच घटनेच्या परस्परविरोधी साक्षी कॅमेऱ्याने तितक्याच निष्ठेने चित्रित केल्या आहेत आणि त्यासाठी त्याला कोणी दोषी धरले नाही. शिवाय ‘स्टेज फ्राइट’चा आरंभच रंगभूमीचा पडदा वर जाऊन त्यामागे लंडन शहर दिसू लागते, असा आहे. ज्या कथेत जवळजवळ प्रत्येक जण सोंग वठवीत आहे, तिच्यात एका सोंगाला दृश्यरूप मिळणे हे अनुचित म्हणता येणार नाही.

दिग्दर्शकाने सुगावा दडवून ठेवला, असेही नाही. शार्लटच्या पोशाखावरील रक्त मुद्दाम फासलेले आहे, हे प्रारंभीच ध्यानात येते. परंतु त्यावरून ईव्ह शार्लटच्याच कपटाचा तर्क करते आणि जोनाथन तो पोशाख आगीत फेकून देतो. खोटेपणाचा एकमेव साक्षीदार आपल्या डोळ्यांदेखत जळतो व आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही. ही योजना चतुर आहे, आणि प्रामाणिकही.

मग निराशा कशामुळे होते? आमच्या मते असत्य सांगितल्यामुळे नव्हे, तर ते फार उशिरा कबूल केल्यामुळे. विस्मय आणि उत्कंठा यांतील भेद स्पष्ट करताना हिचकॉक टेबलाखालील बाँबचा दाखला देत. बाँब अकस्मात फुटला तर क्षणभराचा धक्का बसतो. तो तेथे आहे हे प्रेक्षकास ठाऊक असेल, तर टेबलाभोवतीचे सामान्य संभाषणही असह्य होते. ‘स्टेज फ्राइट’मध्ये हा बाँब म्हणजे जोनाथन होय. ईव्ह त्याला आश्रय देते, त्याच्यासाठी पोलिसांशी खोटे बोलते. तो खुनी आहे हे आपणास माहीत असते, तर यांतील प्रत्येक प्रसंग भयाने भारला गेला असता. परंतु ते अज्ञात असल्यामुळे ईव्हला धोका आहे असे वाटतच नाही. रक्त लावलेली बाहुली एक बालवीर गात असलेल्या शार्लटसमोर नेतो, हा उद्यानातील प्रसंग चित्रणदृष्ट्या उत्तम आहे; पण त्यात भ्यालेली आहे ती जिला आपण अपराधी मानतो ती स्त्री. आपल्या चित्रपटातील दुष्ट पात्रे स्वतःच भयभीत आहेत, हा दुसरा दोष हिचकॉक यांनी त्याच संभाषणात सांगितला आहे. पण हे दोन दोष परस्परांपासून वेगळे नाहीत. ज्याच्यापासून भय उत्पन्न व्हावयाचे, तोच खोट्या पूर्ववृत्ताआड लपला आहे.

या मताची साक्ष चित्रपटाच्या अंतिम भागातच मिळते. रंगमंचाखालील काळोखात, नाटकासाठी ठेवलेल्या एका बग्गीत, ईव्ह आणि जोनाथन शेजारी शेजारी बसले आहेत. तिला आता सत्य कळले आहे, आणि आपल्यालाही. प्रकाशाची एक अरुंद पट्टी फक्त डोळ्यांवर पडते. एवढ्या साधनांनी हिचकॉक जे भय निर्माण करतात, ते त्यापूर्वीच्या साऱ्या चित्रपटात कोठेही नाही. कबुलीनंतर चित्रपट जिवंत होतो आणि लगेच संपतो.

रहस्य आधी फोडले असते तर कुतूहल नष्ट झाले असते, असा आक्षेप येथे घेता येईल. त्याचे उत्तर हिचकॉक यांच्याच इतर कृतींत आहे. ‘शॅडो ऑफ अ डाउट’ (१९४३) मध्ये मामा खुनी असल्याचे भाचीला बरेच आधी कळते आणि खरी कथा तेथून पुढे सुरू होते. ‘व्हर्टिगो’ (१९५८) करताना तर, मूळ फ्रेंच कादंबरीत शेवटी उलगडणारे रहस्य त्यांनी चित्रपट बराच शिल्लक असताना उघड केले. तेथे कुतूहल लोप पावले, पण त्याच्या जागी अधिक खोल अशी वेदना आली.

म्हणून ‘स्टेज फ्राइट’वरून ‘कॅमेऱ्याने असत्य बोलू नये’ हा नियम काढणे योग्य नव्हे. तसा नियम मानल्यास कलामाध्यमाची एक शक्यता आपण विनाकारण गमावतो. या अपयशातून घेण्याचा बोध निराळा आहे. रहस्य ही प्रेक्षकापासून राखलेली ठेव आहे. ती किती काळ राखली यावरून कलावंताचे कौशल्य ठरत नाही, ती परत केल्यावर तिचे काय केले यावरून ठरते. येथे ती परत मिळते तेव्हा खर्च करावयास वेळच उरलेला नसतो.