न वाचलेल्या पानातली खूण

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावची कोंडाळकरवाडी दरडीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही डोंगर खाली आला. महाड शहर सावित्रीच्या पुरात होतं. रस्ते बंद, वीज नाही, फोन लागत नाही. अशा दिवशी उतारावर बसवलेल्या, दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्राने वेळेत हाक द्यावी, ही अपेक्षा या मुलखात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मला लिहायचं आहे ते अशा यंत्राच्या आतल्या मजकुराविषयी. एमएसपी४३० या प्रोसेसरसाठी लिहिलेलं फ्रीआरटीओएस या कार्यप्रणालीचं पोर्ट, म्हणजे ती त्या विशिष्ट प्रोसेसरवर उभी करणाऱ्या काहीशे ओळी. एखादी कविता वाचावी तितक्या सावकाश त्या वाचण्याजोग्या आहेत.

हा प्रोसेसर निवडायला कारण आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात घडलेल्या टेलोसबी या बिनतारी संवेदक बोर्डावर एमएसपी४३०एफ१६११ बसतो: ४८ किलोबाइट फ्लॅश, १० किलोबाइट रॅम, शेजारी सीसी२४२० रेडिओ. आयआयटी मुंबई आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया यांच्या संशोधकांनी ‘सेनस्लाइड’ हा दरडींचा अंदाज घेणारा प्रकल्प याच बोर्डावर रचला आणि २००७ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम भारताच्या डोंगरात दरडींमुळे माणसांचं आणि रेल्वेचं होणारं नुकसान हे त्यामागचं निमित्त. वीर, करंजाडी, विन्हेरे ही स्टेशनं ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत त्यांना ते निमित्त ठाऊक आहे. खडक सरकण्याआधी त्याच्यात ताण वाढतो, तेव्हा महागडी मोजकी उपकरणं लावण्यापेक्षा स्वस्त ताणमापक पुष्कळ लावावेत, हा त्यांचा विचार मला आजही फार मोलाचा वाटतो.

टेलोसबीवर सहसा टायनीओएस ही कार्यप्रणाली चालते. तिच्यात एक टास्क, म्हणजे नेमून दिलेलं एक काम, सुरू झाली की ती संपेपर्यंत दुसऱ्या टास्कने थांबायचं. इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची तातडीची हाक, तेवढा मध्ये येऊ शकतो. सगळ्यांना मिळून एकच स्टॅक, म्हणजे चालू नोंदींची मेमरीतली चळत; म्हणून रॅम वाचते. पण ताणाच्या आकड्यांवर लांबलचक गणित चाललं असताना शेजारच्या बोर्डाचा संदेश आला तर? संदेशाची १२७ बाइटांची पूर्ण चौकट सेकंदाला २५० किलोबिटच्या वेगाने हवेतून यायला सुमारे चार मिलिसेकंद लागतात, आणि रेडिओची साठवण अवघी १२८ बाइटांची. ती वेळेत रिकामी झाली नाही तर पुढचा संदेश सांडतो. इथे रिअल-टाइम कार्यप्रणाली लागते. रिअल-टाइम म्हणजे वेगवान असा समज सर्रास आढळतो. खरं तर दिलेली मुदत पाळणं म्हणजे रिअल-टाइम. त्यासाठी चालू गणित जिथल्या तिथे थांबवून रेडिओला वाट द्यायची आणि नंतर ते गणित त्याच आकड्यापासून पुढे न्यायचं, ही सोय हवी. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेली फ्रीआरटीओएस ती सोय देते.

आता मजकुराकडे. सगळ्यात सुंदर जागा आहे नव्या टास्कचा स्टॅक तयार करणारं फंक्शन. पोथी वाचताना मध्येच उठावं लागलं तर आपण पानात खूण ठेवतो. टास्क थांबवतानाही तिचा पत्ता, तिची स्थिती आणि प्रोसेसरच्या आतली बारा रजिस्टरं अशीच तिच्या स्टॅकवर ठेवली जातात. पण जी टास्क अजून सुरूच झालेली नाही, तिचं काय? इथे लेखकाने पोथी उघडण्याआधीच खूण घातली आहे. स्टॅकवर आधी टास्कच्या पहिल्या ओळीचा पत्ता. त्यावर इंटरप्ट चालू असल्याची नोंद. मग रजिस्टरांसाठी सोळाच्या पायावरच्या ४४४४, ५५५५, ६६६६ अशा चढत्या कल्पित किमती. रजिस्टर चारसाठी चार चौके, पाचसाठी पाच पंजे. उद्या चूक शोधताना मेमरीत नजर टाकली की कोण कुठे बसलंय ते दिसावं, एवढाच त्यांचा हेतू. पंधराव्या रजिस्टरात मात्र टास्कला द्यायचा खरा पॅरामीटर. शेवटी एक शून्य: इंटरप्ट रोखून धरण्याच्या किती पायऱ्या ही टास्क उतरली आहे त्याची मोजणी. एकूण पंधरा शब्द, तीस बाइट. कधीच न जगलेल्या टास्कला पुरता भूतकाळ मिळाला. त्यामुळे ‘सुरू कर’ असा वेगळा रस्ताच लिहावा लागत नाही. जन्म आणि जाग एकाच वाटेने येतात. एवढ्या कमी शब्दांत इतका मोठा प्रश्न मिटवलेला मी क्वचितच वाचला आहे.

ती जाग आणणारा भागही थांबून वाचावा. रजिस्टरं एकेक करून परत येतात आणि अगदी शेवटी, परतण्याच्या आज्ञेच्या आधी, साठवलेल्या स्थितीतले चार बिट पुसले जातात. प्रोसेसरला निजवणारे हेच ते बिट. एखादी टास्क प्रोसेसरला झोपवून थांबली असेल तर तिच्या जतन केलेल्या स्थितीत ती झोपही जतन झालेली असते. तशीच परत केली तर जागं होताच यंत्र पुन्हा डोळे मिटेल. म्हणून ही एक ओळ. बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डाचा सारा संसार तिच्यावर तोललेला आहे.

एक जागा मात्र मला खटकते. टिक, म्हणजे कार्यप्रणालीच्या घड्याळाचा एकेक टप्पा, देणारा टायमर ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकावर चालतो आणि त्याची मर्यादा म्हणून ३२,७६८ भागिले हवा तो टिक-दर ही संख्या सरळ भरली जाते. सेकंदाला १००० टिक मागितले की भागाकार ३२.७६८ येतो आणि दशांश गळून ३२ उरतात. हा टायमर शून्यापासून ३२ पर्यंत मोजतो, म्हणजे ३३ ठोके. मिळतात सेकंदाला सुमारे ९९३ टिक. दिवसभरात हे घड्याळ दहाएक मिनिटं मागे पडतं. दिवा लुकलुकवायला चालेल, पण कोणत्या खडकात ताण आधी वाढला हे टिक मोजून ठरवायचं असेल तर चालणार नाही. १२८ चा दर घ्यावा, २५६ मधून एक वजा करून २५५ भरावेत: हिशेब तंतोतंत जुळतो, आणि प्रोसेसर सेकंदात हजारदा जागा होण्याचंही टळतं.

टेलोसबीवर आणताना हा गाभा तसाच राहतो. मूळ पोर्ट एफ४४९ या चिपसाठी आहे. एफ१६११ मध्ये घड्याळाची मांडणी वेगळी, मेमरीचे पत्ते वेगळे, रेडिओचा ड्रायव्हर नव्याने. प्रत्येक टास्कला स्वतःचा स्टॅक द्यायचा म्हणून १० किलोबाइट जपून वाटावे लागतात. चार-पाच टास्कांवर जाऊ नये, असं माझं मत. रेडिओ ऐकताना १८.८ मिलिअँपिअर ओढतो, पूर्ण शक्तीने बोलताना १७.४, तेव्हा कान सदा उघडे ठेवणं या बोर्डाला परवडत नाही. कधी ऐकायचं हे टिकवर ठरतं, म्हणून टिक चुकला की संदेशही चुकतो; त्यात ओल्या पानांतून २.४ गिगाहर्ट्झची लहर आधीच दुबळी होऊन येते. आषाढातल्या पोलादपूरच्या रानात ही अडचण किती मोठी होईल, ते सांगायला नको.

महाडपासून जवळच, महामार्गालगत लोणेरे इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. फ्रीआरटीओएसचा सगळा मजकूर खुला आहे, विनामूल्य आहे. तिथल्या आणि कोकणातल्या इतर अध्यापकांना माझी विनंती आहे: या पोर्टची फाईल विद्यार्थ्यांना नुसती चालवायला देऊ नका, वर्गात ओळीने वाचायला द्या, आणि टिकचा तो भागाकार त्यांच्याच हातून दुरुस्त करून घ्या.