शिराझ घ्या, पण रश्शासोबत नको

रेड वाइनबद्दल एक सल्ला हमखास ऐकू येतो: वाइन दमदार असेल तर जेवणही दमदार हवं. म्हणजे शिराझ उघडा आणि सोबत झणझणीत मटण घ्या. मला हा सल्ला पटत नाही. तो ज्या ताटावरून आलाय, ते ताट बघितलं की का ते कळतं.

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या कुशीत आल्तो आदिजे नावाचा प्रांत आहे. लाग्राइन ही तिथली गडद, जांभळट रेड वाइन. तिच्यासोबत काय खातात? श्पेक, म्हणजे मीठ लावून, धूर देऊन मुरवलेलं डुकराचं मांस. हरणाचं मटण. जुनं, मुरलेलं चीज. या ताटात चरबी, मीठ आणि धूर भरपूर आहे, तिखट जवळपास नाही. रेड वाइनमध्ये टॅनिन असतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, तसा तुरटपणा त्यानं येतो. समोर मांस, चरबी आणि मीठ आलं की हा तुरटपणा मवाळ होतो. जोडी जमते ती यामुळे. दोघांच्या दमदारपणाचा त्यात फारसा वाटा नाही.

आता आपल्याकडची बाटली घेऊ. सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ नाशिक जिल्ह्यातली, ओकच्या पिंपात मुरवलेली. ही आल्प्सला अगदी परकी नाही. शिराझ म्हणजेच फ्रान्सची सिराह. डीएनए तपासणीत तिची आई निघाली माँद्यूज ब्लांश, आल्प्सच्या सावॉय भागातली पांढऱ्या द्राक्षाची जात. बाप द्युरेझा. या द्युरेझाचं सख्खं भावंड तेरोल्देगो आणि तेरोल्देगोचं लेकरू लाग्राइन. म्हणजे लाग्राइन आणि दिंडोरीची शिराझ चुलत बहिणी झाल्या.

वाइन म्हणून ती मला आवडते. काळ्या फळांची चव, मागून मिरीचा झटका, शेवटी लाकडाचा हलका गोडवा. पण आमच्या देवळाली प्रवरात मटणाला काळा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण आणि लाल मिरची लागते. अल्कोहोल मिरचीची जळजळ वाढवतं आणि शिराझमध्ये ते साधारण १३-१४ टक्के असतं. रश्शाच्या घासावर घोट घेतला की वाइन कडू लागते आणि खोबऱ्याचा खरपूसपणा मरतो. दुसऱ्या प्रोजेक्टची सेटिंग्ज आपल्या सर्व्हरवर जशीच्या तशी टाकल्यावर होतं तसंच.

मग काय घ्यायचं? उत्तर त्याच पातेल्यात आहे: अळणी. मसाला पडण्याआधी, नुसत्या हळद-मिठात शिजलेलं मटण आणि त्याचं पाणी. लहान पोरांना आणि आजारी माणसाला देतात ते. चरबी, मीठ, मांस सगळं आहे, मिरची नाही. वरून थोडी मिरपूड टाकली तर शिराझ खुलते. मटण नको असेल तर चुलीत भाजलेल्या वांग्याचं कमी तिखट भरीत, बाजरीची भाकरी आणि लोणी. धूर आणि चरबी दोन्ही आले.

हे कुठल्या पेअरिंगच्या तक्त्यात का नाही? कारण तक्ता धरून चालतो की वाइन जेवणाच्या ताटाशेजारी असते. आपल्याकडे आधी पुरुषांची बैठक, सोबत चखणा, जेवण नंतर. अळणी कधी बाजूला काढायची हे जिला नेमकं कळतं, ती आई त्या खोलीत येतच नाही. चवीचा सगळ्यात जाणता माणूस बाहेर ठेवून आपण चवीवर बोलतो.

ती बाहेर का आहे, हेही बघायला हवं. आमच्या ऊसपट्ट्यात दारूनं मोडलेली घरं सगळ्यांना माहीत आहेत. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्याच जिल्ह्यातून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. सरकार द्राक्ष उत्पादकांचं उत्पन्न सांगत होतं. ते खोटं नाही, पण वाइन दारू नाही असं म्हणणंही खरं नाही. ती भीती खोडून काढण्यासारखी माझ्याकडे काही नाही. त्यामुळे चवीची भाषा ती भीती झाकायला वापरली जाते, तेव्हा मला ती नकोशी होते.

पेअरिंगवर लिहायचंच असेल तर ते स्वयंपाकघरातून सुरू व्हावं. बाटली उघडण्याआधी मटण शिजवणारीला विचारावं, मसाला कधी टाकणार आहेस? आणि ती ‘बाटली ठेवून दे’ म्हणाली, तर तेही मत म्हणून ऐकावं.