लोणारचा मसुदा आणि सफाईदार इंग्रजी

गेल्या हिवाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातील एक पदव्युत्तर विद्यार्थिनी आपल्या पहिल्या शोधनिबंधाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. विषय होता लोणार सरोवराच्या पाण्यातील सूक्ष्मजीव. दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. मसुद्यातील इंग्रजी मात्र असे सफाईदार, की इतकी वर्षे निबंध लिहूनही मला ते साधलेले नाही. विचारले तेव्हा तिने मोकळेपणाने सांगितले, "सर, नोंदी माझ्याच आहेत. लिहून एआयने दिलं."

पहिल्याच परिच्छेदात होते की, हे विवर 52,000 वर्षांपूर्वी अशनीच्या आघाताने झाले. आघाताची गोष्ट खरी. 1973 साली 'सायन्स'मधील निबंधाने ती भक्कम पायावर आणली. वयाचे काय? 52,000 हा आकडा तापदीप्ती पद्धतीने काढलेला, 1997 चा. पुढे 2011 साली आघातात वितळलेल्या खडकातील आरगॉनच्या समस्थानिकांवरून सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे हे वय मिळाले. म्हणजे दसपटीहून अधिक फरक! येथील बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. त्यातील जुना आरगॉन पूर्णपणे निघून गेला नाही तर वय फुगते. त्या संशोधकांनी त्याची दुरुस्ती करूनच हा आकडा दिला. विद्यार्थ्याला शिकण्यासारखे आहे ते या वादातच. पण भाषेचे यंत्र पुढचा शब्द संभाव्यतेने निवडते. जो आकडा अधिक वेळा छापला गेला, तोच त्याच्या ओठी सहज येतो. मसुद्यात वादाचा मागमूसही नव्हता.

जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले होते, हे वाचकांना आठवत असेल. मसुद्यात त्याचे कारण 'शैवाल' असे एका शब्दात दिले होते. शैवालाचा अंदाज सुरुवातीला होताच. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासल्यावर रंगाचे श्रेय क्षारप्रिय आर्कियांना दिले. सूक्ष्मजीवांवरील निबंधातच ही चूक असावी, याला काय म्हणावे?

असो, अशा चुका जाणकार परीक्षकाच्या नजरेस येतात. मला धक्का बसला तो पुढे. 'पद्धती' या विभागात लिहिले होते की, सर्व नमुने प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत 4 अंश सेल्सियसला ठेवले. मी तिची मूळ वही मागितली. तीत पेन्सिलीने नोंद होती : 'मेहकरला बस बदलताना उशीर. डब्यातला बर्फ वितळला. नमुने 5 व 6 बाद.' मी वही तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, "मी 4 अंश असं कुठं लिहिलंच नव्हतं, सर." तिने लिहिले नव्हते, हे खरेच. सूक्ष्मजीवांच्या निबंधांत ते वाक्य बहुधा असते, म्हणून यंत्राने ते घातले. घडलेच नाही ते घडल्याची साक्ष तिच्या नावाने दिली गेली होती, आणि कोणत्याही परीक्षकाला ती पकडता आली नसती.

वहीत आणखी एक गोष्ट होती. धारेचे गोडे पाणी सरोवराला मिळते तेथे सामू कमी, आत जावे तसा वाढत जाणारा. काठाकाठाने फिरून तिने ही मोजणी केली होती. मसुद्यात त्या साऱ्याचे 'सरोवर अत्यंत अल्कधर्मी आहे' एवढेच उरले. जे तिच्याखेरीज कोणी पाहिले नव्हते, नेमके तेच गळले. संदर्भयादीतील तीन निबंध तर मला कोठेच सापडले नाहीत.

तरीही या साधनावर सरसकट बंदी घालावी असे मला वाटत नाही. माझा पहिला निबंध 'भाषा सुधारा' एवढ्याच शेऱ्यानिशी परत आला होता; विज्ञानाबद्दल परीक्षकाने अवाक्षर काढले नव्हते. चिखली-मेहकरच्या मुलांवर हा अन्याय रोज होतो. स्वतः लिहिलेल्या वाक्याचे व्याकरण कोणी तपासून दिले, तर बिघडले कोठे? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही 2023 साली वापर मना केला नाही. वापर जाहीर करा, मात्र यंत्राला लेखक म्हणू नका, कारण मजकुराची जबाबदारी ते घेऊ शकत नाही, असे सांगितले. परदेशातही शहाणपणाचा सुकाळ आहे असे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये यंत्राने काढलेले उंदराचे हास्यास्पद चित्र परीक्षकांच्या नजरेखालून छापले गेले आणि तीन दिवसांत निबंध मागे घ्यावा लागला.

शाळेतील प्रकल्पवह्यांतही हेच येऊ लागले आहे. बीज उगवले नाही, तापमापी फुटली, अशा नोंदी असलेली वही शिक्षकांनी आधी पाहावी. टंकलिखित अहवाल मागाहून.

तिने निबंध पुन्हा लिहिला. आधी मराठीत, मग स्वतःच्या इंग्रजीत. शेवटी यंत्राकडून फक्त व्याकरण तपासून घेतले आणि तसे निबंधात नमूद केले. दुसरा मसुदा पहिल्याच्या निम्मा भरला. विवराच्या वयाचे दोन्ही आकडे त्यात वर्षांसह आहेत. नमुने 5 व 6 का वगळले, हेही एका ओळीत आहे. त्या ओळीतील इंग्रजी थोडे अडखळते. मी ते तसेच राहू दिले.