'खडूस' या संज्ञेची चिकित्सा : मुंबईच्या रणजी संघाच्या इतिहासलेखनाविषयी काही विचार

मुंबईच्या रणजी संघाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात एक शब्द इतक्या वारंवार येतो की त्याची चिकित्सा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. तो शब्द म्हणजे 'खडूस'. घरात वा कचेरीत हा शब्द कोणास लावला तर तो निंदाव्यंजकच ठरतो. तुसडा, कोत्या मनाचा, कोणास काही सहजी न देणारा असा त्याचा रोख असतो. क्रिकेटच्या वर्णनात मात्र तोच गौरवपर झाला आहे. अर्थाचे असे उन्नयन भाषेला नवे नाही. परंतु गौरवाची संज्ञा जेव्हा कारण म्हणून सांगितली जाऊ लागते तेव्हा टीकाकाराने थबकले पाहिजे. मुंबई जिंकते, कारण तिचा खेळाडू खडूस असतो. आणि तो खडूस आहे हे कशावरून, तर मुंबई जिंकते यावरून! तर्कशास्त्रात ज्यास अन्योन्याश्रय म्हणतात त्याचेच हे उदाहरण होय.

ज्याचे कारण शोधावयाचे ते यश असामान्य आहे यात शंका नाही. १९३४-३५ साली रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली आणि पहिला करंडक मुंबईनेच जिंकला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे तो मुंबईकडे राहिला. २०२३-२४ मधील विजेतेपद हे बेचाळिसावे. या यशाचे मूळ दादर-शिवाजी पार्क परिसरातील मध्यमवर्गीय मराठी स्वभावात आहे, असे प्रचलित लेखन सुचविते. हा सिद्धांत त्या पंधरा वर्षांतील संघालाच लावून पाहावा. पॉली उम्रीगर पारशी, सोलापूरशी बालपणाने जोडलेले. बापू नाडकर्णी नाशिकचे, आणि मुंबईपूर्वी महाराष्ट्राकडून खेळलेले. दिलीप सरदेसाई मडगावचे. एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचे चिरंजीव. अजित वाडेकर शिवाजी पार्कचे खरे, पण एका वाडेकरांवरून संघाचा स्वभाव ठरविणे म्हणजे एका ओळीवरून काव्यसंग्रहाचे परीक्षण लिहिण्यासारखे आहे.

मग हा चिवटपणा आला कोठून? माझ्या मते त्याचे पहिले कारण स्पर्धेच्या नियमात आहे. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात ज्याची आघाडी तो संघ पुढे जातो. या एका नियमामुळे पहिल्या डावातील प्रत्येक गड्याची किंमत दुपटीने वाढते. आपला बळी फुकट न देणारा फलंदाज येथे स्वभावाने कृपण नसून हिशेबाने शहाणा असतो. १९७३-७४ च्या उपान्त्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईची मालिका खंडित केली तीही पहिल्या डावातील आघाडीवरच. म्हणजे ज्या शस्त्राने मुंबई लढत होती तेच शस्त्र कर्नाटकाने अधिक नेटाने वापरले. आणि १९८१-८२ च्या उपान्त्य सामन्यात त्याच कर्नाटकाविरुद्ध सुनील गावसकर रघुराम भटांच्या वळणाऱ्या चेंडूस तोंड देण्यासाठी डावखुरे होऊन खेळले व नाबाद राहिले, तेव्हा निर्णायक पराभव टळला, पण आघाडी कर्नाटकाचीच असल्याने अंतिम फेरी काही मिळाली नाही. खडूसपणाचा याहून शुद्ध नमुना सापडणे कठीण. आणि तो निष्फळ ठरला. आमच्या क्रीडालेखकांनी ही गंमत पुष्कळदा सांगितली आहे, तिचा अर्थ मात्र क्वचितच लावला आहे.

नियम तर सर्वच संघांना समान होता, मग मुंबईलाच त्याचा लाभ का, असा आक्षेप येथे रास्तपणे घेता येईल. त्याचे उत्तर मैदानात शोधावे लागते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची साखळी स्पर्धा १९४८ साली सुरू झाली, ती भर पावसाळ्यात खेळण्यासाठी. उघड्या, ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, कधी घसरतो; गवत वाढलेले असल्याने जोराचा फटकाही सीमेपर्यंत पोहोचत नाही. तेथे वीस धावा करणारास कोरड्या खेळपट्टीवर शंभर करणे अवघड वाटत नसे. आझाद मैदानावर तर बावीस खेळपट्ट्या एकमेकींस खेटून; एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा. अशा गर्दीत लक्ष एकाग्र ठेवणे हीच साधना. शाळांच्या हॅरिस व गाइल्स ढाली आणि कचेऱ्यांची टाइम्स ढाल या पायऱ्या त्याच शिडीच्या. वाडेकरांना स्टेट बँकेने, गावसकरांना निर्लॉनने नोकरी दिली होती, हे त्यांच्या धावांइतकेच महत्त्वाचे आहे. पोटाची विवंचना नसलेला फलंदाज दिवसभर उभा राहू शकतो. पुढे कचेऱ्यांतील या नोकऱ्या आटल्या, त्याचा परिणाम संघावर काय झाला याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

संज्ञेचा दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. 'खडूस' म्हटले की डोळ्यांपुढे फलंदाज येतो. गोलंदाज या इतिहासात पाहुण्यासारखा वावरतो. १९७२-७३ चा अंतिम सामना घ्यावा. चेपॉकच्या खेळपट्टीवर पद्माकर शिवलकर यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत आठ व दुसऱ्या डावात १८ धावांत पाच गडी बाद केले. पंधरावा करंडक आणला तो या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी मिळवूनही त्यांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही, कारण बिशनसिंग बेदी त्याच काळात त्याच हाताने गोलंदाजी करीत होते. २०१७ साली त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०२५ च्या मार्चमध्ये ते निवर्तले. ज्या वृत्तीने माणूस दारावर थाप देत वर्षानुवर्षे उभा राहतो, आणि तरी रविवारी सकाळी चेंडू हातात घेऊन मैदानावर येतो, तिला आमच्या क्रीडासमीक्षेत नाव नाही.

शिवलकरांच्या मागे आणखी एक डावखुरा फिरकी गोलंदाज उभा आहे. तो रणजीपूर्व काळातील, पण मुंबईच्या क्रिकेटचा पाया घालणाऱ्यांपैकी. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरी चर्मकार समाजात जन्म झाल्यामुळे हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे कधी आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. दोघांवरील अन्याय एका तागडीत तोलता येणार नाहीत. शिवलकरांच्या वाट्यास योगायोग आला, बाळूंच्या वाट्यास जातिभेद. परंतु दोघांना इतिहासात जी जागा मिळते ती तळटीपेची, हे साम्य डोळ्यांआड करता येत नाही.

या चर्चेस प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने एक निकडीचे अंगही आहे. मी राहतो ते गोडदेव भाईंदर पूर्वेस आहे. महानगरपालिका वेगळी, जिल्हा ठाणे. पण येथील मुलाने क्रिकेटमध्ये नाव काढले तर तो पुण्याच्या महाराष्ट्र संघात नव्हे, मुंबईच्या संघात जावयाचा. चर्चगेटची मैदाने येथून सुमारे चाळीस किलोमीटरवर. खांद्यावर क्रिकेटचे सामान घेऊन सकाळच्या गाडीत शिरणे म्हणजे काय, हे त्या गाडीने प्रवास करणारासच कळावे. खडूसपणा हा जर दादरच्या हवापाण्याचा गुण असेल तर हा मुलगा त्या परंपरेत उपराच राहतो. तो जर सरावाने, स्पर्धेने आणि नियमाच्या जाणिवेने घडत असेल, तर मात्र तो तिचा वारस ठरतो.

२०२३-२४ च्या हंगामाने या प्रश्नावर बराच प्रकाश टाकला आहे. उपान्त्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या क्रमांकावरील तनुष कोटियन याने नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकावरील तुषार देशपांडे याने १२३ धावा केल्या. शेवटच्या दोघांनीही शतके करण्याचा हा प्रथम श्रेणीच्या इतिहासातील दुसराच प्रसंग. पहिला १९४६ मध्ये सरे संघाविरुद्ध चंदू सरवटे व शुटे बॅनर्जी यांचा. तो सामना अनिर्णित राहिला आणि मुंबई पुढे गेली ती अर्थातच पहिल्या डावातील आघाडीवर. उपान्त्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध सात गडी १०६ धावांत गेल्यानंतर शार्दूल ठाकूर याने १०९ धावा काढल्या. देशपांडे कल्याणचा, ठाकूर पालघरचा. दोघांचीही ओळख गोलंदाज म्हणून, आणि दोघेही आगगाडीच्या लांबच्या टोकांकडून आलेले.