निरपराध नायकाची सोय

कोल्सन व्हाइटहेड यांच्या ‘द निकल बॉईज’ (२०१९) या कादंबरीला २०२० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिची स्तुती पुष्कळ झाली आहे. तीत मी भर घालण्याचे कारण नाही. माझी तक्रार तिच्या नायकाच्या निवडीविषयी आहे.

एल्वुड कर्टिस हा टॅलाहासीचा काळा मुलगा. आईबाप सोडून गेलेले; आजी हॅरिएट त्याला वाढवते. मुलगा अभ्यासू, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणांची ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकणारा. कॉलेजला जाताना वाटेत तो एका मोटारीत बसतो. मोटार चोरीची निघते आणि पोराची रवानगी ‘निकल’ नावाच्या सुधारगृहात होते. निकल कल्पित आहे. ज्यावरून ते रचले ते डोझियर स्कूल खरे होते. फ्लॉरिडातील मरियाना गावी ते १९०० पासून २०११ पर्यंत चालले. संशोधकांनी तिथली जमीन खणली तेव्हा ५५ कबरी सापडल्या. खुणेचे क्रूस मात्र ३१च होते. २०१७ साली तिथल्या विधिमंडळाने माफी मागितली.

कादंबरी वाचताना वाचक हळहळतो. का हळहळतो? एल्वुडने काहीच केलेले नाही म्हणून. इथेच मला अडचण वाटते. ज्या पोराने ती मोटार खरोखरच चोरली असती, त्याला निकलमध्ये घालणे न्याय्य ठरले असते काय? निरपराध नायक ही पांढरपेशा वाचकाची सोय आहे. त्याच्यासाठी रडताना व्यवस्थेला प्रश्न विचारावा लागत नाही. चूक झाली, एवढे म्हणून भागते. दुसऱ्यांदा निकलमध्ये आलेला टर्नर हा खरा प्रश्न होता. पण त्याला लेखकाने बराच काळ एल्वुडच्या सावलीत ठेवले आहे.

कारण अमेरिकेतल्या बालन्यायातला वर्णभेद मुख्यतः निरपराधांच्या बाबतीत घडतो असे नाही. पोरे चुका करतात. गोरी करतात, काळीही करतात. गोऱ्याची चूक घरी मिटते, शाळेत मिटते. काळ्याची पोलिसांच्या वहीत जाते. जॉर्ज ब्रिजेस आणि सारा स्टीन या अभ्यासकांनी १९९८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पश्चिमेकडील एका राज्यातल्या प्रोबेशन ऑफिसरांनी बाल न्यायालयासाठी लिहिलेले २३३ अहवाल त्यांनी वाचले. त्यांना काय दिसले? काळ्या पोराचा गुन्हा त्याच्या स्वभावातून, वृत्तीतून आला असे लिहिले जाते. गोऱ्या पोराच्या गुन्ह्याला परिस्थिती जबाबदार धरली जाते. आणि ज्याच्या स्वभावातच खोट आहे असे एकदा लिहिले, तो पुन्हा गुन्हा करणार असे भाकीत आपोआप येते. शिक्षेची शिफारसही त्या भाकितातून येते. मी या अहवालांना गद्य म्हणतो. आमचे समीक्षक कथा-कादंबऱ्यांची शैली तपासण्यात हयात घालवतात. ज्या गद्याने पोरे कोंडली जातात त्याची शैली कोणी तपासायची?

या भेदाकडे राज्यांनी लक्ष द्यावे असे संघराज्याचा कायदा १९८८ पासून सांगतो आहे. मात्र तो किती कमी करावा याचा आकडा त्याने कधी घातला नाही. परिणाम पाहा. २००० साली सुमारे एक लाख आठ हजार मुले कोंडलेली होती. २०२० साली सुमारे पंचवीस हजार. ही घट लहान नाही, आणि तिच्यासाठी झगडलेल्यांचे श्रेय मी नाकारत नाही. पण २००१ साली काळे मूल कोंडले जाण्याची शक्यता गोऱ्याच्या चौपट होती, ती २०१५ साली पाचपट झाली. दार उघडले, आणि आधी गोरी पोरे बाहेर पडली.

मग उपाय नाही काय? आहे, आणि तो पुन्हा शब्दांतच सापडला. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहर ज्या मल्टनोमा परगण्यात येते, तिथे १९९०च्या दशकात अटकेतल्या मुलाला कोठडीत ठेवावे की घरी सोडावे हे ठरवणारा तक्ता बदलला गेला. आधी त्यात कुटुंबाची घडण चांगली आहे का, असे पाहिले जाई. त्याजागी, मुलाला तारखेला कोर्टात हजर करण्याची हमी घेणारे कोणी मोठे माणूस आहे का, असे विचारू लागले. पहिल्या प्रश्नात एल्वुडची हॅरिएट नापास होते. दुसऱ्यात ती उठून उभी राहते. अर्थात एवढ्याने सगळे घडले नाही. कोठडीऐवजी दुसऱ्या सोयी काढल्या, रोजच्या रोज नोंदी तपासल्या. पण १९९४ साली काळ्या-गोऱ्या मुलांत जो ठळक फरक होता तो २०००पर्यंत जवळजवळ मिटला.

ब्लॅक पँथरवरून आपण १९७२ साली नाव घेतले, राइट-बाल्डविन आपले म्हणून वाचले. या बाबतीत मात्र आपल्याजवळ व्हाइटहेडच्या पुढे गेलेले पुस्तक आहे, असे मी म्हणतो. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) निरपराधपणाचा आव नाही. जमातीतली चोरी, पोरांना मारून दिले जाणारे तिचे शिक्षण, सगळे उघड मांडले आहे, आणि तरीही माणूसपणाचा दावा सोडलेला नाही. ज्या १८७१च्या कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले, त्याच्या १८९७च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधार-वसाहतीत ठेवण्याची मुभा दिली होती. तो कायदा १९५२ साली गेला.

२०१५च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, गुन्हा घोर असेल तर, प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली आहे. त्याआधी मंडळ त्याची मानसिक कुवत आणि गुन्ह्याची परिस्थिती पाहते. घरादाराची हकिकत सामाजिक तपासणी अहवालातून मंडळासमोर येते. पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ग्रामीण कादंबरीतील निसर्ग थोडा बाजूला ठेवावा. मुलांची नावे झाकून, रीतसर परवानगी काढून हे अहवाल वाचावेत. पारध्याच्या पोराच्या अहवालात ‘संगत’ किती वेळा येते, आणि बंगल्यातल्या पोराच्या अहवालात ‘ताण’ किती वेळा, एवढे जरी मोजले तरी सुरुवात होईल.