मुक्तीचे दोन वृत्तान्त

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत एक वाक्य ठरलेले असते: १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरविला आणि ब्रिटिश आरमाराने तो समुद्रावरून हळूहळू नाहीसा केला. वाक्य निराधार नव्हे. १८०८ साली पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पहिल्या दोन युद्धनौका गेल्या. १८६० पर्यंत सुमारे १,६०० जहाजे पकडली गेली आणि सुमारे १,५०,००० माणसे सुटली. त्या किनाऱ्यावरील तापाने शेकडो खलाशी दगावले, हेही खरे. तथापि या वाक्याचा कर्ता आरमार आहे. सुटलेली माणसे केवळ कर्म आहेत. व्याकरणातील ही व्यवस्था त्या मोहिमेच्या वाङ्मयातही कशी उतरली आणि तिला अपवाद कोठे सापडतो, हे पाहण्याचा येथे आमचा विचार आहे.

आरमारी अधिकाऱ्यांच्या लेखनापैकी दोन ग्रंथ विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. दोन्ही १८७३ साली प्रसिद्ध झाले आणि दोहोंचा विषय पूर्व आफ्रिकेच्या बाजूचा समुद्र हाच आहे: फिलिप कोलंब यांचा 'स्लेव्ह-कॅचिंग इन दि इंडियन ओशन' आणि जॉर्ज सलिव्हन यांचा 'धाऊ चेसिंग इन झांझिबार वॉटर्स'. सलिव्हन यांची लेखणी संतापाने तापलेली आहे. १८४५ च्या तहाने झांझिबारच्या सुलतानास आपल्या मुलखातल्या मुलखात गुलाम नेण्याची मोकळीक राहिली होती. त्या आडोशाने सारा व्यापार चालतो, हे त्यांना सहन होत नाही. कोलंब यांची वृत्ती थंड व चिकित्सक आहे. अधिकाऱ्यास भाषा येत नाही, गलबत दोषी की निर्दोष हे पुष्कळदा दुभाष्याच्या शब्दावर ठरते, आणि सुटकेबद्दल खलाशांना माणशी ५ पौंड बक्षीस मिळते, या परिस्थितीत न्याय किती कठीण होतो, याची त्यांना जाणीव आहे. स्वतःच्या अधिकाराविषयी शंका घेणारा लेखक आम्हांला अधिक विश्वसनीय वाटतो; म्हणून गद्य या दृष्टीने कोलंब यांना आम्ही वरचे स्थान देऊ. सलिव्हन यांनी सुटलेल्या काहींच्या हकीकती दुभाष्यामार्फत टिपून घेतल्या. त्यांच्या ग्रंथातील ही मोलाची पाने होत. परंतु तेथेही प्रश्न कप्तानाचे आणि शब्द दुभाष्याचे आहेत.

अपवादासाठी आपल्याला पश्चिम किनाऱ्याकडे आणि अर्धशतक मागे जावे लागते. योरुबा प्रदेशातील ओशोगुन गावावर १८२१ साली हल्ला झाला आणि अजायी नावाचा, तेरा वर्षांच्या आसपासचा मुलगा पकडला गेला. हातोहात विकला जात तो लागोसला पोहोचला आणि तेथे पोर्तुगीज जहाजावर चढविला गेला. ७ एप्रिल १८२२ रोजी 'मर्मिडन' या ब्रिटिश युद्धनौकेने ते जहाज पकडले. पुढे सॅम्युएल क्राउदर या नावाने विख्यात झालेल्या या गृहस्थाने १८३७ साली एका दीर्घ पत्रात ही सारी हकीकत लिहिली.

या पत्रातील सुटकेचा प्रसंग कोणत्याही आरमारी ग्रंथात सापडणार नाही असा आहे. युद्धनौकेवर नेलेल्या मुलांना आपण सुटलो असे वाटतच नाही. डेकवर डुकराचे पांढरट मांस टांगलेले आणि तोफेचे गोळे ओळीने मांडलेले त्यांना दिसतात. ते मांस आपल्या सोबत्यांचे आणि ते गोळे त्यांची डोकी, असा त्यांचा समज होतो. मग जवळून निरखून पाहता मांसाला दुभंगलेला खूर दिसतो, गोळे लोखंडाचे निघतात आणि भीती ओसरते. कप्तानाच्या दृष्टीने त्या क्षणी कार्य सिद्धीस गेलेले असते. मुलांच्या दृष्टीने ते नव्या मालकाच्या हाती पडलेले असतात. ही तफावत क्राउदर कोणतीही टीकाटिप्पणी न करता नोंदवितात. बेड्या पडलेल्या मालकाच्या डोक्यावर आपण फटका मारला, हेही ते सांगतात आणि ते कृत्य दुष्टपणाचे होते असा निर्णयही स्वतःच देतात. येथे सुटलेला माणूस वाक्याचा कर्ता झाला आहे. तो भितो, तर्क करतो, चुकतो आणि स्वतःचा न्यायही करतो.

या पत्राच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. ते इंग्रजीत आहे, मिशनच्या चिटणीसांना उद्देशून आहे आणि प्रत्येक संकटामागे ईश्वरी योजना पाहण्याची मिशनरी शैली त्यावर पसरलेली आहे. मुलाची भीती आणि प्रौढाची श्रद्धा यांचा सांधा ठिकठिकाणी दिसतो. पण आमच्या मते याच सांध्यामुळे पत्र प्रामाणिक राहिले आहे; श्रद्धेने भीती पुसून टाकलेली नाही. पुढे हेच क्राउदर योरुबा भाषेचे कोशकार आणि बायबलचे अनुवादक झाले, १८६४ साली बिशपपदी पोहोचले. दुसऱ्याच्या भाषेत स्वतःची कथा सांगावी लागलेल्या या पुरुषाने आपल्या भाषेला लेखी रूप देण्यात आयुष्य वेचले, ही गोष्ट भाषेच्या उपासकांनी विसरू नये.

हा विषय मराठी वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. हिंदी महासागरात सोडविलेली कित्येक मुले मुंबईस उतरविली गेली आणि त्यांपैकी काही नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात वाढली. तेथेच शिकलेल्या जेकब वेनराइट यांनी १८७३ साली लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह किनाऱ्याकडे नेतानाची रोजनिशी लिहिली. तीही इंग्रजीतच आहे. क्राउदर यांचे पत्र आणि वेनराइट यांची रोजनिशी सटीप मराठीत आणणे, हे आपल्या अकादमीसारख्या संस्थेला सहज पेलणारे काम आहे. आणि वर्गात ते ठरलेले वाक्य शिकवावयाचे असेल त्या दिवशी शिक्षकांनी मुलांना आणखी एक प्रश्न विचारावा: यातील कर्म बोलू लागले, तर वाक्य कसे होईल?